हाडामासाचं बोलणं

२०२१च्या एप्रिलमध्ये माझ्या फोनमधल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच प्रश्न फिरत होते. ऑक्सिजनचा बेड कुठे आहे, आणि टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन कुणाकडे मिळेल? मी तेव्हा पुण्यात घरूनच काम करत होतो. नात्यातल्या लोकांचे लॅब रिपोर्ट माझ्याकडे यायचे, कारण "तू इंजिनिअर आहेस, तुला कळेल". मला काहीच कळत नव्हतं. पण त्या पीडीएफमध्ये एक ओळ पुन्हा पुन्हा ठळक अक्षरांत दिसायची: आयएल-६. पूर्ण नाव इंटरल्युकिन-६. निरोगी माणसात हा आकडा नगण्य असतो, आजारी माणसात चढतो, आणि टोसिलिझुमॅब नेमका याचाच रस्ता अडवतं, एवढं महिनाभरात सगळ्यांना पाठ झालं. आयएल-६ म्हणजे दाह, दाह म्हणजे वाईट, असं साधं समीकरण झालं.

पुढे वाचताना कळलं की मॅरेथॉनसारखी लांब शर्यत धावून आलेल्या ठणठणीत माणसाच्या रक्तातही हाच आयएल-६ शंभरपटीपर्यंत चढलेला सापडतो. हा माणूस अतिदक्षता विभागात जात नाही. केळं खातो, मेडलसोबत सेल्फी काढतो, घरी जातो. मग एकच रेणू एकाला व्हेंटिलेटरपर्यंत नेतो आणि दुसऱ्याला काहीच करत नाही, हे कसं? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर गोष्ट स्नायूंपाशी पोहोचली आणि तिथून अनपेक्षितपणे हाडांपाशी. हाडांचा भाग अजूनही वादात आहे. मला तोच सगळ्यात जास्त आवडला.

आधी आयएल-६चा जन्मदाखला. १९८६ मध्ये जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशियो हिरानो यांच्या गटाने एका प्रथिनाचा जीन वेगळा काढला. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना हे प्रथिन चेतवत होतं, म्हणून त्यांनी त्याला तसं नाव दिलं. गंमत अशी की त्याच सुमारास दुसरे लोक यकृताला चेतवणाऱ्या एका घटकामागे होते, तिसरे एका प्रकारच्या इंटरफेरॉनच्या, चौथे प्रयोगशाळेतल्या पेशी वाढवणाऱ्या कसल्याशा घटकाच्या. सगळे घटक निघाले एकच. ज्यांनी मोठ्या कंपनीचा जुना कोड वाचलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल: चार टीमनी चार नावांनी वापरलेलं एकच फंक्शन. शेवटी सगळ्यांनी मिळून तटस्थ नाव घेतलं, इंटरल्युकिन-६. पण यातली 'मी कोण' याची उत्तरं चारही खरी होती. तो बी पेशींनाही बोलायचा, यकृतालाही.

मग तो दाहाशी कायमचा का जोडला गेला? कारण डॉक्टरांना तो जिथे भेटला ते सगळे आजार होते. संधिवाताच्या रुग्णांच्या सुजलेल्या सांध्यांमधल्या पाण्यात तो भरपूर होता. किशिमोतोंच्याच कामातून पुढे टोसिलिझुमॅब तयार झालं ते संधिवातासाठी, कोविडच्या कितीतरी आधी. आणि दाह म्हणजे फक्त ताप आणि सूज नव्हे, त्याचा एक मंद, न दिसणारा प्रकारही असतो, हे नव्वदच्या दशकात उलगडत गेलं. १९९३ मध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी अमेरिकेत दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचा दाहाचा निरोप्या बाहेर पडतो आणि त्यामुळे शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. तोवर चरबी म्हणजे साठवणीची कोठी असा समज होता. कोठीला तोंड आहे हे तेव्हा कळलं.

१९९७ मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांचा समावेश असलेल्या एका गटाने माणसाच्या कातडीखालच्या चरबीत शिरणारं आणि तिच्यातून बाहेर पडणारं रक्त तपासलं. बाहेर पडणाऱ्या रक्तात आयएल-६ जास्त होता. म्हणजे चरबी तो सतत थोडा थोडा सोडत असते. हे युडकिन म्हणजे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांसोबतच्या प्रसिद्ध फोटोतले युडकिन. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या फोटोत दोघे शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाच्या काट्याला न दिसणारी ही चरबी आणि तिच्या जागी नसलेला स्नायू, हा आपल्याकडच्या मधुमेहाच्या गोष्टीतला कळीचा भाग आहे, हे याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आलेत. मला तो फोटो आणखी एका कारणासाठी आवडतो. चरबी आणि स्नायू ही नुसती वजनं नाहीत. रक्तात सतत निरोप टाकणारी ती दोन खाती आहेत, आणि कुणाच्या अंगात कुठलं खातं मोठं आहे यावर रक्तातला गोंगाट ठरतो.

या गोंगाटाचा स्नायूच्या पेशीवर काय परिणाम होतो? टीएनएफ पेशीच्या बाहेरच्या ग्राहीवर येऊन बसतो, आत एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबली जाते, आणि पेशी आपलीच प्रथिनं मोडीत काढू लागते. इन्सुलिनचा निरोप अर्ध्या वाटेत अडतो, साखर आत घ्यायचं प्रमाण घटतं. कॅन्सरच्या रुग्णांचे स्नायू झडतात त्यामागे अशा निरोप्यांचा मोठा हात असतो. म्हातारपणी मांड्या वाळतात त्यातही काही वाटा याचाच मानतात. दीर्घकाळ चढलेला आयएल-६ देखील स्नायू खातो. तेव्हा दाहाची भीती खोटी नाही.

आता कोपनहेगनला जाऊ. तिथे बेंटे क्लारलुंड पेडरसन नावाच्या संसर्गरोगांच्या डॉक्टर व्यायामाने रोगप्रतिकारशक्तीवर काय होतं ते बघत होत्या. व्यायामानंतर आयएल-६ चढतो हे ठाऊक होतं, पण स्पष्टीकरण ठरलेलं होतं: धावताना स्नायू फाटतात, मग पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात, आणि त्या आयएल-६ सोडतात. ऐकायला पटतं. अडचण एवढीच होती की आकडे जुळत नव्हते. आयएल-६ दुखापतीच्या आधीच चढायचा आणि व्यायाम थांबताच उतरायला लागायचा.

२०००मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांच्या गटाचा प्रयोग मला इतका आवडतो की तो जरा सावकाश सांगतो. सहा निरोगी तरुण पुरुष. प्रत्येकाने एकाच पायाने व्यायाम करायचा. खुर्चीत बसून गुडघ्यातून पाय पुढे उचलायचा आणि खाली आणायचा, २५ वॉट इतक्या बेताच्या ताकदीने, सलग पाच तास. दुसरा पाय स्वस्थ. दोन्ही पायांत जाणारं रक्त एकच, पण दोन्ही पायांतून परत येणाऱ्या शिरांत वेगवेगळ्या नळ्या. म्हणजे एकाच माणसात एक पाय प्रयोग आणि दुसरा पाय तुलनेसाठी! ज्यांनी ए-बी टेस्टिंग केलंय त्यांना याहून स्वच्छ मांडणी सुचणार नाही. दोन गटांत जनुकं वेगळी, आहार वेगळा, झोप वेगळी असली कुठलीच सबब उरत नाही. निकाल: काम करणाऱ्या पायातून आयएल-६ बाहेर येत होता, स्वस्थ पायातून नाही. रक्तातली पातळी सुमारे १९ पट चढली, आणि एवढी चढायला त्या एका पायाचा माल पुरेसा होता. न फाटलेला, न दुखावलेला, निव्वळ काम करणारा स्नायू हे प्रथिन स्वतः बनवून रक्तात सोडत होता.

पुढे त्यांनी अशा निरोप्यांना नाव दिलं, मायोकाइन. म्हणजे स्नायूने पाठवलेले.

पण पाठवतो कशासाठी? २००३ मध्ये त्याच शहरात आठ तरुणांवर एक जरा धाडसी प्रयोग झाला. त्यांना ई. कोलाय जिवाणूच्या आवरणातलं विष अगदी थोड्या मात्रेत टोचलं. एरवी याने टीएनएफ दोन-तीन पटींनी चढतो. तसा तो चढलाही, पण फक्त ते नुसते पडून होते त्या दिवशी. ज्या दिवशी आधी सायकल मारायला लावली होती त्या दिवशी टीएनएफ जागचा हलला नाही. आणि ज्या दिवशी सायकलऐवजी शिरेतून आयएल-६ दिला होता, त्याही दिवशी नाही. दाहाचा म्हणून बदनाम झालेला हा रेणू दाहाच्या दुसऱ्या निरोप्याचं तोंड दाबत होता.

याचं स्पष्टीकरण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आहे. पांढऱ्या पेशीत आयएल-६ बनतो तो एनएफ-कप्पा-बीच्या कळीने, आणि त्याच कळीने टीएनएफही बनतो; दोघे जोडीने बाहेर पडतात. स्नायूत तो बनतो आकुंचनाच्या वेळी पेशीत उसळणाऱ्या कॅल्शियममुळे आणि साठवलेली साखर संपत आल्यामुळे. इथे टीएनएफ सोबत नसतो. आउटपुट एकच, पण कॉल स्टॅक वेगळा. कारखान्याच्या भोंग्याचंही तसंच असतं. रोज ठरल्या वेळी वाजला की लोक डबे घेऊन निघतात; रात्री अडीचला वाजला आणि वाजतच राहिला की धावत सुटतात.

इथपर्यंतची गोष्ट मला भक्कम वाटते, कारण ती माणसांत झाली आहे. आता हाड.

मराठीत आपण हाडाला फार मान देतो. हाडाचा शिक्षक, हाडाचा कार्यकर्ता. पण तो मान टिकाऊपणाचा आहे, बोलकेपणाचा नाही. शाळेच्या पुस्तकातही सांगाडा म्हणजे आधार, संरक्षण आणि कॅल्शियमची साठवण. संप्रेरकांच्या धड्यात हाडाचं नाव नसायचं. प्रत्यक्षात हाड सारखं मोडत आणि बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल सोडून ते खणतात, ऑस्टिओब्लास्ट मागून येऊन भराव घालतात, आणि प्रौढ माणसाचा साधारण दहावा भाग सांगाडा दरवर्षी नव्याने बांधला जातो. पुण्याच्या रस्त्यांसारखं, फरक इतकाच की इथे खणणारे आणि बुजवणारे यांच्यात समन्वय असतो.

हाडाच्या बोलण्याची गोष्ट सुरू होते कोंबड्यांपासून, आणि तीही कोपनहेगनमध्येच. १९२९च्या सुमारास हेन्रिक डाम कोंबड्यांना चरबीविरहित खाद्य देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. पिल्लांना कातडीखाली, स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. खाद्यात काहीतरी कमी पडत होतं. त्या घटकाला डाम यांनी नाव दिलं व्हिटॅमिन के, रक्त गोठण्यासाठीच्या 'कोआगुलाट्सिओन' या शब्दाचं आद्याक्षर. साधारण त्याच काळात उत्तर अमेरिकेत कुजलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३च्या फेब्रुवारीत हिमवादळातून एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली किटली घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात धडकला. तिथे कार्ल पॉल लिंक यांनी त्या गवतातून रक्त पातळ करणारा पदार्थ वेगळा काढला. त्याच कामातून वॉरफरिन आलं. आधी १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून आणि मग हृदयरोग्यांचं औषध म्हणून. ते व्हिटॅमिन केचं काम बंद पाडतं.

ते काम नेमकं कोणतं, हे १९७४ मध्ये उलगडलं. स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो आणि इतरांनी दाखवलं की व्हिटॅमिन के काही प्रथिनांवर एक जादा आम्ली गट चिकटवायला मदत करतं. असे गट बसले की प्रथिनाला कॅल्शियम धरायला चिमटा मिळतो. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना तो लागतोच. पण शरीरात कॅल्शियम सगळ्यात जास्त कुठे असतं? दीड-दोन वर्षांत अमेरिकेत पीटर हाउश्का, जेन लियान आणि पॉल गॅलप यांना, आणि वेगळेपणाने पॉल प्राइस यांना, हाडात असे चिमटे लावलेलं एक छोटं प्रथिन सापडलं. माणसात त्याचे ४९ अमिनो आम्लांचे मणी आणि त्यांतल्या तीन मण्यांवर चिमटे. त्याला ऑस्टिओकॅल्सिन हे नाव रूढ झालं. ते फक्त ऑस्टिओब्लास्ट भरपूर बनवतात, थोडं रक्तातही सांडतं, त्यामुळे हाडाचं बांधकाम किती जोरात चाललंय हे मोजायला डॉक्टर त्याचा उपयोग करू लागले. त्याचं स्वतःचं काम काय, हे वीस वर्षं कोणाला माहीत नव्हतं.

१९९६ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया ड्यूसी आणि जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने तो जीनच काढून टाकलेले उंदीर तयार केले. आम्हीही हेच करतो: कोडची एखादी ओळ कशासाठी आहे हे कळेना की ती कमेंट करून बघायची, काय मोडतं ते. हाडं ठिसूळ होतील ही अपेक्षा होती. उलट हाड थोडं वाढलं. विचित्र होतं, पण प्रसिद्ध झालं. मग त्या उंदरांच्या पोटातली चरबी जरा जास्तच आहे हे डोळ्यांत भरू लागलं. २००७ मध्ये कार्सेंटी यांच्या गटाचा निबंध 'सेल' या नियतकालिकात आला: ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या उंदरांत रक्तातली साखर जास्त, इन्सुलिन कमी, चरबी जास्त. सांगाडा शरीराच्या इंधनाचा कारभार बघतो, असा तो दावा होता. २०१०मध्ये यंत्रणाही सुचवली गेली. चिमटे लावलेलं ऑस्टिओकॅल्सिन हाडाच्या खनिजाला घट्ट धरून बसतं. ऑस्टिओक्लास्ट हाड खणताना जे आम्ल सोडतात त्यात ते चिमटे गळतात, पकड सुटते, आणि मोकळं झालेलं प्रथिन रक्तात जाऊन हार्मोन म्हणून काम करतं. हाडाचं रोजचं खोदकामच निरोप मोकळा करतं! ही कल्पना इतकी देखणी आहे की ती खरी नसली तर वाईट वाटेल, आणि विज्ञानात असं वाटू लागलं की सावध व्हायला हवं.

पुढच्या काही वर्षांत त्याच प्रयोगशाळेतून ऑस्टिओकॅल्सिनच्या कामांची यादी वाढत गेली. २०११: नरांतलं टेस्टोस्टेरॉन. २०१३: मेंदू आणि स्मरणशक्ती. २०१९: संकट दिसताच पळण्याची तयारी. (सप्तधातूंच्या यादीत मांस, मेद, अस्थी ओळीने येतात आणि शेवटी शुक्र येतं, तेव्हा हे वाचून कुणीतरी "आपल्या पूर्वजांना माहीत होतं" असा फॉरवर्ड टाकणार. कृपया नको. पूर्वजांच्या यादीचं स्वतःचं तर्कशास्त्र आहे, तिला उंदरांच्या प्रमाणपत्राची गरज नाही.)

२०१६ मध्ये हाड आणि स्नायू हे दोन धागे जुळले. पाउला मेरा आणि कार्सेंटी यांच्या गटाने म्हटलं की व्यायामाच्या वेळी उंदरांच्या रक्तातलं ऑस्टिओकॅल्सिन दुप्पट होतं. ते स्नायूच्या तंतूंवरच्या ग्राहीला जाऊन भिडतं, आणि तंतू साखर व स्निग्धाम्लं जास्त ओढून जाळू लागतात. शिवाय व्यायामात स्नायू जो आयएल-६ सोडतो, त्यातला बराचसा या हाडाच्या निरोपामुळेच सुटतो. आणि तो आयएल-६ उलट जाऊन हाडातून आणखी ऑस्टिओकॅल्सिन मोकळं करवतो. हाड स्नायूला, स्नायू हाडाला. १५ महिन्यांच्या, म्हणजे उंदराच्या हिशेबाने उतारवयाला लागलेल्या प्राण्यांना ऑस्टिओकॅल्सिन दिल्यावर ते तीन महिन्यांच्या तरण्या उंदरांइतके धावले.

२०२०मध्ये त्याच गटाने दुसरी बाजू बंद केली. व्यायामातला आयएल-६ मुख्यतः स्नायूतून येतो. तो ऑस्टिओब्लास्टला सांगतो. ऑस्टिओब्लास्ट खणणाऱ्या पेशी वाढवतात. त्यातून सक्रिय ऑस्टिओकॅल्सिन सुटतं. ज्यांच्या फक्त ऑस्टिओब्लास्टवरचा आयएल-६चा ग्राही काढला होता ते उंदीर नीट धावेनात. त्यांना आयएल-६ देऊन फायदा झाला नाही, ऑस्टिओकॅल्सिन दिल्यावर झाला. माणसातही हा दुवा आहे असा त्यांचा दावा आहे.

इथे क्षणभर थांबण्यासारखं आहे. आयएल-६ने खणणाऱ्या पेशी वाढवायच्या आणि हाड झिजवायचं, हा अगदी तोच रस्ता आहे ज्याने संधिवातात सांध्याजवळची हाडं खाल्ली जातात. तिथे आयएल-६ चोवीस तास, महिनोन्‌महिने वाहतो. व्यायामात तो तासाभरासाठी येतो. हे मॉडेल खरं असेल तर 'दाह' म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातली निदान काही यंत्रणा शरीराने मुळात पळण्यासाठी बांधली असेल, आणि आजारात ती अडकून पडते. स्नायूच्या पेशीतल्या दाहावर हाडाचा ताबा कसा चालतो याचं उत्तरही मग असं निघतं: हाड टीएनएफला हात लावत नाही, ते स्नायूला त्याचा स्वतःचा, वेळेवर थांबणारा आयएल-६ सोडायला लावतं, आणि तो बाकीच्यांना गप्प करतो.

आणि मग मे २०२०. 'प्लॉस जेनेटिक्स'मध्ये दोन निबंध एकाच वेळी आले. एक अमेरिकेतून, मिशिगनच्या व्हॅन अँडेल इन्स्टिट्यूटमधल्या बार्ट विल्यम्स यांच्या गटासह. दुसरा जपानमधून, नागासाकीच्या तोशिहिसा कोमोरी यांच्या गटाचा. दोघांनीही ऑस्टिओकॅल्सिनचे जीन काढलेले उंदीर स्वतंत्रपणे, नव्याने बनवले होते. अमेरिकी गटाने क्रिस्परने. निकाल: साखर ठीक. टेस्टोस्टेरॉन ठीक. नागासाकीच्या निबंधाच्या शीर्षकातच लिहिलंय की हे प्रथिन स्नायूंच्या वजनासाठी लागत नाही.

जीन तोच, प्राणी तोच, आणि उत्तरं विरुद्ध. कसं शक्य आहे? उंदरात हा जीन एकटा नाही, शेजारी शेजारी तीन नकला आहेत, माणसात एकच. १९९६च्या उंदरांत दोन नकला काढल्या होत्या, त्याही त्या काळच्या पद्धतीने. कापाकापीत शेजारच्या जीनला धक्का लागला असेल का, हा प्रश्न उभा राहिला. उंदरांचा वाणही वेगळा असतो, खाद्य वेगळं असतं. कार्सेंटी यांनी उत्तर दिलं: हार्मोन कशाला म्हणायचं, तर तो दिल्यावर काय होतं हेही बघावं लागतं, एका वाणात काढून काही दिसलं नाही म्हणजे तो हार्मोन नाही असं होत नाही. हाडांचे दुसरे ज्येष्ठ अभ्यासक स्टॅव्ह्रोस मॅनोलागस यांनी त्याच नियतकालिकात सरळ लिहिलं की ऑस्टिओकॅल्सिन हार्मोन नाही.

माणसांत काय दिसतं? अस्थिक्षयासाठी लाखो बायका अशी औषधं घेतात जी खणणाऱ्या पेशींना आवर घालतात. त्याने रक्तातलं ऑस्टिओकॅल्सिन घटतं. २००७चा सिद्धांत माणसाला जसाच्या तसा लागू असता तर या बायकांची साखर वाढायला हवी. २०१३ मध्ये अशा तीन औषधांच्या मोठ्या चाचण्यांचे आकडे पुन्हा तपासले गेले. साखर वाढली नव्हती, मधुमेह वाढला नव्हता, वजन वाढलं नव्हतं.

माझा कल सांगतो. मी जीवशास्त्राचा माणूस नाही, पण बग शोधण्यात माझी सहा वर्षं गेली आहेत. एका मशिनवर दिसणारा आणि दुसऱ्या दोन मशिनवर न दिसणारा परिणाम खोटा असतोच असं नाही. पण तो जिथे दिसतो तिथल्याच टीमचे पुढचे वीस शोध हे त्याचे वीस स्वतंत्र पुरावे होत नाहीत. ऑस्टिओकॅल्सिनच्या यादीकडे मी तसं बघतो. टोचल्यावर ते काहीतरी करतं हे मला पटतं. शरीर रोजच्या कारभारात त्यावर अवलंबून आहे हे पटत नाही, अजून तरी. याचा अर्थ हाड मुकं आहे असा मात्र नाही. २०००मध्ये सापडलेला एफजीएफ-२३ हा निःसंशय हाडात बनणारा हार्मोन आहे. तो किडनीला फॉस्फेट किती टाकायचं ते सांगतो, आणि त्यात बिघाड झाला की एका जातीचा मुडदूस होतो. त्यावर कुणाचा वाद नाही. तो सिक्स पॅकबद्दल काही सांगत नसल्यामुळे त्याच्यावर रील निघत नाहीत.

ऑस्टिओकॅल्सिनवर मात्र निघतात. "हाडांचं तारुण्याचं हार्मोन वाढवा" म्हणून व्हिटॅमिन के-२च्या गोळ्या विकणारे मी पाहिलेत. त्यातला विनोद कदाचित त्यांच्याही लक्षात आलेला नाही: व्हिटॅमिन के चिमटे लावतं, आणि ज्या सिद्धांताच्या जोरावर ते गोळ्या विकतात त्यात हार्मोन म्हणून काम करतं ते चिमटे गळालेलं प्रथिन. त्यांच्याच हिशेबाने गोळी उलटं काम करायला हवी.

स्नायूच्या आयएल-६चा पुरावा मात्र वाढतच गेलाय. २०१९ मध्ये कोपनहेगनमधून आणखी एक चाचणी आली. पोट सुटलेल्या माणसांना बारा आठवडे सायकल चालवायला लावली. काहींना सोबत टोसिलिझुमॅब दिलं, काहींना नुसतं सलाइन. सलाइनवाल्यांच्या पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी घटली. टोसिलिझुमॅबवाल्यांनी तेवढीच सायकल मारली आणि त्यांची ती चरबी हलली नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये ज्या इंजेक्शनसाठी आम्ही अनोळखी लोकांना मध्यरात्री फोन केले, त्याने इथे व्यायामाचा फायदाच पुसून टाकला होता. दोन्ही ठिकाणी त्याने काम एकच केलं: आयएल-६चं ऐकू येणं बंद केलं. एकीकडे बोलत होत्या बिथरलेल्या पांढऱ्या पेशी, दुसरीकडे पॅडल मारणारी मांडी.

नागासाकीच्या उंदरांचं पुढे काय, ते राहिलं. त्यांचे स्नायू शाबूत होते, साखर शाबूत होती. हाडाचं प्रमाणही नेहमीइतकंच होतं. पण हाडाला लांबीच्या दिशेने ताकद कमी होती. कोलॅजनचे धागे नीट समांतर होते, मात्र त्यांच्यावर बसणारे खनिजाचे स्फटिक धाग्यांच्या रेषेत न लागता विस्कटलेले होते. हाउश्का आणि प्राइस यांना हाडात हे प्रथिन सापडलं तेव्हा पहिला प्रश्न होता की ते हाडात काय करतं. त्याचं हे उत्तर यायला ४५ वर्षं लागली.